लेखनक्षम डीव्हीडी तबकडी व घरगुती चित्रमुद्रक

दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम वा कौटुंबिक चित्रण घरच्या घरी नोंदविण्यासाठी चित्रमुद्रकात म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये वापरण्याची कोरी प्रकाशीय तबकडी. हिचा व्यास १२ सेंमी., जाडी १.२ मिमी. व एकथरी तबकडीची धारणक्षमता ४.७ अब्ज बाइट असते. बाह्यतः या सर्व तबकड्या सारख्याच दिसतात. तथापि कोणतीही तबकडी कोणत्याही मुद्रकात चालतेच असे नाही.

याचे मूळ उत्पादकांच्या स्पर्धेत आहे. पायोनिअर कंपनीने १९९७ मध्ये एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर आणली व १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये पुनर्लेखनक्षम डीव्हीडी-आरडब्ल्यू वापरणारा घरगुती मुद्रक विक्रीस काढला. फिलिप्स, सोनी इ. कंपन्यांच्या गटाने ‘+’ चिन्हाची वेगळी पद्धती पुढे आणली. तिच्यातील डीव्हीडी+आर २००२ मध्ये आली. कोऱ्या तबकडीवरही किंचित नागमोडी अशी सर्पिल खोबण आधीच कोरलेली असते. डीव्हीडी-आर मध्ये स्थानदर्शक खुणा खोबणींमधील उंचवट्यावर असतात, तर डीव्हीडी+आर मध्ये तीच माहिती नागमोडीच्या कलाबदलात साठविलेली असते. त्यामुळे एकच पद्धती जाणणाऱ्या मुद्रकाला दुसरीवर कोठे लिहावे हेच कळत नाही. पुढे दोन्ही पद्धती जाणणारे मुद्रक निघाले व हा प्रश्न पुष्कळसा सुटला.

चिन्ह जुळले तरी अडचण संपत नाही. तबकडीतील कार्बनी रंजकावर किती शक्तीचे व किती कालावधीचे लेसर स्पंद टाकावेत, हे मुद्रक तबकडीवरील उत्पादकाच्या सांकेतिक ओळखीवरून ठरवितो. ओळख अपरिचित असल्यास तो ढोबळ अंदाजाने लिहितो किंवा तबकडी नाकारतो. वेष्टनावरील ‘१६×’ हा आकडा केवळ कमाल वेग दर्शवितो. चालू कार्यक्रम नोंदविण्यास एकपट वेग (सेकंदास सु. ११ दशलक्ष बिट) पुरतो, तेव्हा जलद तबकडीने चित्र सुधारते हा समज निराधार आहे. व्यावसायिक डीव्हीडी-आर तर ६३५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसरसाठी असल्याने ६५० नॅनोमीटरच्या घरगुती मुद्रकास निरुपयोगीच. जपानमध्ये २००४ पासून अंकीय प्रक्षेपणावर ‘एकच प्रत’ हे बंधन आले. असे कार्यक्रम सीपीआरएम संरक्षणाची सोय असलेल्या तबकडीवरच नोंदविता येत.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे अंतिमीकरण. नोंद संपल्यावर मुद्रकाने अनुक्रमणिका लिहून तबकडी बंद केल्याशिवाय डीव्हीडी-आर अन्य यंत्रांवर बहुधा चालत नाही. आता हे मुद्रक बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत व मूळ यंत्र बिघडलेल्या घरांत लग्नकार्यांच्या अशा अपुऱ्या तबकड्या पडून आहेत. त्यांवरील चित्रण नष्ट झालेले नसते. संगणकावरील विशेष आज्ञावलीने ते पुष्कळदा परत मिळविता येते. पुनर्लेखनक्षम तबकडी मात्र अन्य मुद्रकात घातल्यावर त्याने आरंभीकरणाची अनुमती मागितल्यास ती देऊ नये, कारण त्यामुळे आधीची नोंद हाती लागेनाशी होते.