मामा तलाव नकाशावर चढवताना

पहाटे साडेपाच

चहा व्हायच्या आधीच मोबाइल हातात येतो. आपण झोपतो तेव्हा युरोप जागा असतो, त्यामुळे आक्षेप रात्रीतूनच येऊन पडलेले असतात.

लाखांदूर तालुक्यातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ओपनस्ट्रीटमॅपवर पाळीसकट आणि नावासकट काढायचे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 साली इंग्लंडमध्ये तो सुरू केला. एकट्यानं एक तलाव काढायचा तर कोणाला विचारावं लागत नाही; खातं उघडा, काढा, जतन करा. पण पोरांना शिकवून, ठरवून, एका हेतूनं पन्नास तलाव काढायचे म्हटले की तो संघटित उपक्रम ठरतो आणि ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशननं 2018 साली घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं लागू होतात. कोण करणार, कशासाठी करणार, माहिती कुठून घेणार, शिकवणार कोण, बिघडलं तर निस्तरणार कोण, हे सगळं उघडपणे लिहायचं आणि लोकांना बोलायला दोन आठवडे द्यायचे. ती मुदत आज रात्री संपते.

आजचा पहिला प्रश्न एका जर्मन गृहस्थांचा आहे. त्यांनी प्रस्तावातली दिघोरी शोधली, तर नागपुरातली उमरेड रोडवरची दिघोरी निघाली. तिथे इतके तलाव कुठे आहेत, असं ते विचारतात. रास्त आहे. आमची ती दिघोरी मोठी, भंडारा जिल्ह्यातली. दोन ओळींत उत्तर लिहिलं. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तलावांची यादी सरकारी दफ्तरातून घेणार असाल तर त्या यादीचा परवाना कोणता?

सकाळी सात

केंद्र दहाला उघडतं, तोवर तलावावर. हिवाळ्यात पाणी मागे सरकलेलं असतं, पाळ पूर्ण दिसते आणि सांडवाही दिसतो. मोबाइलवर जीपीएस सुरू करून पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एवढंच काम. वाटेत बेशरमाची झुडपं इतकी माजली आहेत की एका ठिकाणी खाली उतरून वळसा घ्यावा लागला. नकाशात तो वळसा पाळीचा आकार म्हणून उमटू नये, म्हणून तेवढे बिंदू घरी जाऊन पुसायचे.

ढीवर समाजाचे एक काका जाळं आवरत होते. त्यांना तलावाचं नाव विचारलं.

"काहून जी, तलावाले नाव नाही म्हणते का कोणी?"

"नाही काका, आहे. पण कोणतं लिहू ते विचारतो."

त्यांनी एक नाव सांगितलं. पाळीखालच्या धानाच्या बांधीतल्या बाईंनी वेगळंच सांगितलं, आणि दोघांनाही दुसऱ्याचं नाव ठाऊक होतं. मासे धरणाऱ्यांचं एक, धान पिकवणाऱ्यांचं दुसरं. या कामात एक नियम फार शहाणपणाचा आहे: जमिनीवर जे आहे तेच नकाशावर. पण जमिनीवर दोन नावं असली तर? एक मुख्य नाव म्हणून लिहायचं, दुसरं पर्यायी नावाच्या रकान्यात. मुख्य कोणतं, हे मात्र बर्लिन किंवा बंगळुरू सांगू शकत नाही. मी काका आणि बाई दोघांनाही सांगून ठेवलं की पुढच्या आठवड्यात पाळीवरच बसून ठरवू.

हे तलाव बहुतांशी कोहळी समाजानं बांधले. गोंड राजांच्या काळात त्यांनी जंगलात पाळी घातल्या आणि धान पिकवलं. इंग्रजांच्या काळात ते मालगुजारांच्या नावावर गेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, पाणी आधी कोणाच्या बांधीला, या गोष्टींचे गावोगावचे ठराव तोंडीच होते. मालकी सरकली तसे ते हळूहळू विसरले गेले. तलावाची जबाबदारी कोणाची ते कागदावर नसलं की काय होतं, हे आमच्या भागाला शिकवावं लागत नाही. म्हणून 'बिघडलं तर निस्तरणार कोण' या ओळीवर परकी माणसं अडून बसली, तेव्हा मला राग आला नाही.

सकाळी दहा ते दुपारी एक

माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. फार्मर आयडी, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, धान विक्रीची नोंदणी. खुर्च्या कमी पडतात. एका आजोबांचा अंगठा यंत्राला पटत नव्हता. बोट पुसून, पुन्हा टेकवून, शेवटी डाव्या हातावर जमलं. इथे दिवसभर मी मंजुरीच्याच मागे असतो: अर्ज कुठे अडकला, सही कोणाची बाकी आहे, शिक्का कधी पडेल. सरकारात मंजुरी देणारा माणूस ठरलेला असतो, फक्त तो जागेवर नसतो. स्वयंसेवकांच्या कामात उलटं आहे. सगळे जागेवर असतात, पण मंजुरी देण्याचा अधिकार एकट्याकडे नसतो. बाहेरून येणाऱ्याला हेच पचायला सगळ्यात जड जातं. "मग हो कोण म्हणणार?" असं पोरं मला विचारतात. कोणीच म्हणत नाही, बाबू. आक्षेप संपले की सुरू करायचं.

परवान्याच्या प्रश्नावर गिऱ्हाइकांच्या मधूनच उत्तर लिहिलं: सरकारी यादी वापरणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती 2012 पासून मुक्त डेटाबेस परवान्याखाली आहे. ज्या यादीचा परवाना स्पष्ट नाही ती त्यात ओतली तर उद्या कोणीतरी सगळं काढून टाकेल, आणि ते बरोबर असेल. गूगलच्या नकाशावरून गिरवायचं नाही, हा नियम तर पहिल्या दिवशीच शिकवतात. बिंगची उपग्रह चित्रं चालतात, 2010 पासून तशी मुभा आहे. म्हणजे आमच्याकडे उरलं काय? बिंगचं चित्र, आपले पाय आणि लोकांची तोंडं. काम वाढलं. खरं सांगायचं तर प्रस्तावही सुधारला.

दुपारी तीन

या वेळी गर्दी ओसरते. डबा खाल्ला आणि कालपासून भिजत पडलेल्या वादाकडे वळलो: मामा तलावाला नकाशाच्या भाषेत काय म्हणायचं? 'पाँड', 'लेक' की 'रिझर्व्हॉयर'? एकाचं म्हणणं, माणसानं पाळ घालून अडवलेलं पाणी, म्हणून रिझर्व्हॉयर. दुसऱ्याचं म्हणणं, उन्हाळ्यात आटतं आणि आकारानं लहान, म्हणून पाँड. मी रिझर्व्हॉयरच्या बाजूनं लिहिलं, पण कारण देऊन: हे तलाव सिंचनासाठीच बांधले गेले, त्यांना पाट आहेत, सांडवा आहे. जे उन्हाळ्यात कोरडे पडतात त्यांना 'हंगामी' अशी जोड. शेतातली छोटी बोडी असेल ती पाँड. हा भेद इथे राहणाऱ्याला सांगता येतो, बाकीच्यांना तो कळायला चित्र आणि चार ओळी लागतात.

कारण देण्याची ही सक्ती स्वयंसेवकांच्या कामात सगळीकडे सापडते. 1999 साली स्थापन झालेल्या, मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अ‍ॅपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये नेहमीच्या कामांना लिहून मंजुरी लागत नाही. 'मी हे करतोय' असं सांगायचं आणि साधारण बहात्तर तास थांबायचं. तेवढ्यात कोणी अडवलं नाही तर होकार धरायचा. बहात्तर तास अशासाठी की पृथ्वीच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या, नोकरी करून हे काम करणाऱ्या माणसाच्या नजरेला ते पडावं. पण कोडमधल्या बदलाला 'नाही' म्हणणाऱ्यानं तांत्रिक कारण दिलंच पाहिजे. नाहीतर तो नकार धरत नाहीत. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला. तिथे बोलणं चावडीवर होतं आणि ठरावासाठी कौल लावतात. नावं घरची आहेत, पण कौलातही नुसतं 'विरोध' लिहिणाऱ्याला 'का' असं विचारलं जातं.

आक्षेप ऐकून ठरवण्याचे हे विचार आमच्याकडे दुरून आलेले नाहीत. शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावानं बहुमत बाजूला ठेवून सर्वसहमतीनं कारभार चालवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते नाव देशभर गेलं. सर्वसहमतीच्या आधी तिथे अभ्यास गट बसायचे, आणि एकाला जरी पटलं नाही तरी विषय पुढे ढकलायचा. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तोवर सभा घेण्याची सवय मुरलेली होती. संगणकवाल्या मंडळींना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते जुन्या काळातलं वाटतं. मला वाटतं, त्यांच्यापेक्षा मेंढावाले पुढे आहेत. मेंढ्यात आक्षेप घेणारा उद्याही शेजारीच राहतो. आमच्याकडे आक्षेप टाकून माणूस गायब होऊ शकतो, आणि काही जण खरंच होतात.

संध्याकाळी पाच

पोरं येतात. केंद्राचं शटर अर्धं खाली आणि दोन जुने लॅपटॉप सुरू. तालुका चौकटींत वाटला आहे. एकीनं काढायचं, दुसरीनं तपासायचं. स्वतःची चौकट स्वतः तपासायची नाही, हा एवढाच लोखंडी नियम.

आज तपासणीत एक गंमत निघाली. एकीनं गावाच्या दक्षिणेला ओळीनं निळे तुकडे काढले होते, सगळे तलाव म्हणून. दुसरीनं चित्र मोठं केलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "दादा, ह्या बांध्या आहेत. रोवणीच्या वेळचं चित्र आहे हे." खरंच होतं. धुऱ्यांनी आखलेल्या, पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या वरून हुबेहूब तळ्यासारख्या चमकतात. पुण्या-मुंबईच्या, किंवा जर्मनीच्या, तपासणाऱ्याला हे कळलं असतं का? कळलं असतं कदाचित, पण ती सात सेकंदांत म्हणाली. मी प्रशिक्षणाच्या पानावर तेच चित्र टाकलं आणि खाली लिहिलं: सरळ कडा, एकमेकांना चिकटलेल्या, पाळ नाही, म्हणजे बांधी. तलावाची एक बाजू वाकडी आणि पाळीची बाजू धनुष्यासारखी.

रात्री साडेआठ

भारतातल्या स्वयंसेवकांची ऑनलाइन बैठक. पहिली वीस मिनिटं लाईन गेली, मोबाइलवरून बसलो. आवाज तुटत होता, म्हणून मी बोलण्याऐवजी लिहिलं.

आक्षेप उरले नव्हते, पण अटी आल्या. आधी एकच भाग: दिघोरी आणि आजूबाजूची गावं. तो झाला की थांबायचं, दाखवायचं, मग पुढे. प्रत्येक बदलाला एकच खूण लावायची, म्हणजे बिघडलं तर सगळं एका झटक्यात शोधून उलटवता येईल. नावं फक्त विचारून. अंदाजानं एकही नाही. मुख्य नाव रोमन लिपीत आणि मराठीसाठी वेगळा रकाना, असा भारतातला बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. त्यावर मी थोडा कुरकुरलो. मराठी गावच्या तलावाचं पहिलं नाव रोमनमध्ये का? पण त्यावरचा वाद जुना आहे आणि आमच्या तलावांसाठी तो उकरायला कोणी तयार नव्हतं. मी सोडून दिलं.

शेवटची अट सगळ्यात अवघड. प्रस्तावावर एकट्याचं नाव चालणार नाही, जबाबदार म्हणून आणखी एक जण हवा. यालाही अनुभवाचा आधार आहे. एका माणसाच्या उत्साहावर सुरू झालेले उपक्रम त्या माणसाची नोकरी बदलली, लग्न झालं, आजारपण आलं की बंद पडतात, आणि अर्धवट काम तसंच लोंबत राहतं. अ‍ॅपाचेनं तर 2008 मध्ये अशा निवृत्त प्रकल्पांसाठी 'अ‍ॅटिक', म्हणजे माळा, अशी वेगळी जागाच करून ठेवली. मेलेला प्रकल्प जिवंत आहे असं भासवायचं नाही, झाडून-पुसून वर ठेवायचा. आमच्या नकाशाला तसा माळा नाही. चुकलेला तलाव नकाशावर दिसत राहतो आणि एखादा गाडीवाला तिथे वळतो.

बैठकीतल्या एका बाईंनी सरळ विचारलं, "तुम्ही उद्या गाव सोडलंत तर?"

रात्री दहा

बैठक संपली तरी प्रश्न उघडाच होता. मुदत आज संपत असली तरी उत्तर द्यायला आठवड्याची सवड दिली आहे, म्हणजे आजच नकार नाही.

मी दोन नावांचा विचार करत होतो: बांधी ओळखणारी आणि तिच्याबरोबरची. पहिली वडशाला शिकायला जायचं म्हणते, आणि गेली तर सुट्टीतच येईल. दुसरी गावात राहणार, पण तिच्याकडे लॅपटॉप नाही. केंद्र बंद असलं की तिचं कामही बंद. दोघींना आधी विचारायला हवं, त्यांच्या घरीही. ते न विचारता नाव टाकणं म्हणजे पोरीच्या मागे लोकांचे प्रश्न लावून देणं.

म्हणून आज एवढंच लिहून पाठवलं: दुसरी व्यक्ती मिळण्याची शक्यता आहे, तिच्यासाठी केंद्राची किल्ली आणि एक लॅपटॉप संध्याकाळी उपलब्ध असेल, नाव शनिवारी कळवतो. तोवर एकही नवा तलाव चढवत नाही. सकाळचा पाळीचा माग तेवढा साफ करून माझ्याकडेच ठेवतो.