कॅमेऱ्याच्या आधी माउंट ठरवा

कॉलेज फेस्टचे फोटो काढून झाले, दोन-चार साखरपुडे मित्राच्या कॅमेऱ्यावर मारले, आणि आता घरच्यांनी एकदाचं ‘घे बाबा’ म्हटलंय. तेव्हापासून रात्री दोनपर्यंत तुमचं एकच चाललंय, सोनी की कॅनन की निकॉन? सकाळी उठलात की पुन्हा कन्फ्यूजन. ओळखीचं वाटतंय ना?

गंमत अशी, की तुम्ही बघताय त्या बहुतेक व्हिडिओंमध्ये तुलना असते ती बॉडीची. बॉडी तुम्ही काही वर्षांनी बदलणारच आहात. गळ्यात कायमचं पडतं ते माउंट, म्हणजे बॉडीच्या तोंडावरचं ते धातूचं कडं, ज्यात लेन्स बसते. प्रत्येक कंपनीचं कडं वेगळं. दोन-तीन चांगल्या लेन्स घेतल्या की त्यांची किंमत बॉडीच्या पुढे जाते. मग पक्ष बदलायचा म्हणजे सगळं तोट्यात विकून पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून आधी हे बघा, की कुठल्या माउंटचं दार कोणाला उघडं आहे. सोनीने आपल्या ई माउंटची मूळ तांत्रिक माहिती २०११ मध्येच इतर लेन्स कंपन्यांना विनाशुल्क देऊन टाकली. पहिला फुल-फ्रेम ए७ आला २०१३ मध्ये. कॅनन आणि निकॉन फुल-फ्रेम मिररलेसमध्ये उतरले थेट २०१८ मध्ये. या मधल्या काळाचा फायदा आजही दिसतो. सिग्मा, टॅमरॉन यांच्या मधल्या किमतीच्या लेन्स सोनीला भरपूर आहेत आणि सेकंड हँडमध्येही सहज मिळतात. निकॉनने झेड माउंटचं दार अर्धवट उघडलंय. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ तिथेही मिळते.

कॅननचं काय? सिग्मा आणि टॅमरॉनला आरएफ माउंटमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला तो २०२४ मध्ये, तोही छोट्या एपीएस-सी सेन्सरच्या लेन्सपुरता. फुल-फ्रेमवाल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे एका टोकाला परवडणारी ५० एमएम एफ/१.८ आणि दुसऱ्या टोकाला लाल पट्टीच्या महागड्या एल लेन्स. मधे फार मोकळं आहे.

पण थांबा, लगेच कॅननवर काट मारू नका. डीएसएलआरमध्ये आत आरसा असायचा, त्यामुळे लेन्सचं कडं सेन्सरपासून लांब ठेवावं लागे. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर. आरसा गेला आणि आरएफमध्ये ते २० वर आलं. उरलेले २४ मिलिमीटर भरायला मधे पोकळ नळीसारखा ॲडॉप्टर लावायचा. त्यात काच नसते, त्यामुळे फोटोचा दर्जा घसरत नाही, ऑटोफोकसही चालतो. ईएफ लेन्स १९८७ पासून बनताहेत. कोणाच्या तरी कपाटात त्या पडलेल्या असतातच!

निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये मात्र एक खोच आहे. काकांकडची जुनी ५० एमएम एफ/१.८डी मिळाली म्हणून खूश व्हाल, पण तिला स्वतःची फोकस मोटर नाही आणि एफटीझेडमध्येही नाही. फोकस हातानेच फिरवायचा. लग्नात सप्तपदी चालू असताना हे जमेल का, बघा.

चौथा पर्याय आपल्याकडे कमी दिसतो. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटसाठी हातमिळवणी केली. व्हिडिओ हेच तुमचं मुख्य काम असेल तर हा जरूर बघा. फक्त पॅनासॉनिकचा एस५ स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. हलत्या माणसाला घट्ट पकडून ठेवणारा फेज डिटेक्ट ऑटोफोकस पॅनासॉनिकने आणला तो २०२३ च्या एस५-२ मध्ये.

बॉडीचं बोलायचंच तर मी आधी कार्डचे स्लॉट मोजेन. निकॉनच्या पहिल्या झेड६ मध्ये एकच होता, कॅननच्या आर८ मध्येही एकच आहे. फेस्टला चालून जाईल. पण पैसे घेऊन कोणाचं लग्न शूट केलंत आणि कार्ड करप्ट झालं, तर काय सांगणार? परत लग्न करा म्हणून? शिवाय आर८ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि बॅटरी छोटी. स्किन टोनच्या वादात मात्र रात्री जागवू नका. रॉमध्ये काढलेल्या फोटोचा रंग नंतर बराच हलवता येतो.

आणि फुल-फ्रेम हवाच आहे का? ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा हा सेन्सर क्षेत्रफळात एपीएस-सीच्या सव्वादोन पटीहून मोठा. विसर्जन मिरवणुकीत रात्री किंवा अंधाऱ्या हॉलमध्ये तो फरक दिसतो. भर दुपारच्या रीलमध्ये तो कोणाला कळणारही नाही.

माझं विचाराल तर सगळ्यात मोठा मुद्दा स्पेसिफिकेशनच्या कागदावर नसतोच. तुम्ही ज्या सिनिअरबरोबर सेकंड शूटर म्हणून जाणार, त्याच्या बॅगेत कुठलं माउंट आहे? गावातला भाड्याने देणारा कुठल्या लेन्स ठेवतो? तुमच्या तालुक्यात सगळे कॅननवाले असतील, तर सोनीच्या लेन्सचा ढीग पुण्या-मुंबईत असून काय उपयोग? ऐन वेळी ७०-२०० उसनी मिळाली नाही तर ऑर्डर हातची जाते.

तेव्हा टोकन देण्याआधी दोन फोन करा, एक त्या सिनिअरला आणि एक भाड्याच्या दुकानाला. मग शनिवार-रविवार मनातली बॉडी भाड्याने घ्या. पन्नासची लेन्स लावा, घरातल्या ट्यूबलाइटखाली पळणाऱ्या भाच्याचे फोटो काढा. कार्ड मात्र स्वतःचं न्या, म्हणजे फाइल्स घरी निवांत बघता येतील.