‘आईबाप’ आणि ‘पालक’ : एका शब्दांतराचा सामाजिक अर्थ

चिकलठाणा हे छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस जालना रस्त्यावर वसलेले, मूळचे शेतकऱ्यांचे गाव होय. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे येथे उभ्या राहिलेल्या औद्योगिक वसाहतीने गावाचा दिनक्रम कारखान्याच्या पाळ्यांशी बांधला. अशा गावात ‘पालक’ ही कल्पना दोन निरनिराळ्या कागदांवर आढळते. पहिला कागद सातबाराचा. जमिनीचा धारक अज्ञान असल्यास त्याच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्याच्या नावापुढे ‘अपाक’, म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, असा शेरा असतो. दुसरा कागद शाळेच्या सूचनेचा. तीत ‘पालकांनी आपल्या पाल्याच्या प्रगतीकडे लक्ष द्यावे’ असे बजावलेले असते. पहिल्या कागदातील पालकाचे कर्तव्य मुदतीचे आहे : मूल सज्ञान होईपर्यंत त्याची मिळकत राखणे. दुसऱ्या कागदातील कर्तव्याला मात्र अशी स्पष्ट मर्यादा नाही. या अंतराचा उलगडा भाषेच्या अंगाने करता येण्याजोगा आहे.

‘आई’, ‘बाप’, ‘लेकरू’ हे नातेवाचक शब्द आहेत. ते संबंध सांगतात, कृती सांगत नाहीत. ‘पालक’ हा पाल् धातूपासून झालेला कर्तृवाचक शब्द आहे, तर ‘पाल्य’ म्हणजे ज्याचे पालन करावयाचे तो. पहिल्या जोडीत दोन्ही बाजूंस माणसे आहेत. दुसरीत एक कर्ता आहे आणि एक कर्म. नाते जन्माने सिद्ध होते, म्हणून त्याची परीक्षा होत नाही. कर्तृत्व मात्र कृतीने सिद्ध करावे लागते, आणि कृती आली की तिचे गुणदोष आले. ‘सुजाण पालक’, ‘जागरूक पालक’ या शब्दप्रयोगांना जी सहजता आहे ती ‘सुजाण आईबाप’ या प्रयोगास नाही, याचे कारण येथे सापडते. लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच धातूपासून आलेले तद्भव ‘पाळणे’ हे क्रियापद मराठी माणूस पोटच्या मुलाविषयी सहसा वापरत नाही. जनावर पाळतात, शब्द पाळतात, लेकरू सांभाळतात.

क्रियापदांतही असेच स्थित्यंतर झालेले दिसते. मराठवाड्याच्या घरगुती बोलीत लेकरं ‘वाढतात’. हे क्रियापद अकर्मक आहे. वाढण्याचे कर्तेपण लेकराकडेच राहते. ‘वाढवणे’ या प्रयोजकाने ते आईबापांकडे येते. ‘घडवणे’ या शब्दाने तर मूल हे मातीच्या गोळ्यासारखे होते आणि घडणीतील प्रत्येक उणिवेचा दोष घडवणाऱ्याच्या माथी येतो. ‘संस्कार’ या शब्दाचा प्रवासही याच दिशेचा आहे. धर्मशास्त्रातील संस्कार ठरावीक प्रसंगी, ठरावीक विधीने होत आणि विधीबरोबर संपत. आजच्या अर्थाचे संस्कार अहोरात्र करावयाचे असल्यामुळे ते पूर्ण झाले असे कोणत्याही आईला म्हणता येत नाही.

कायद्यानेही या कर्तेपणास रूप दिले. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या अपत्यास शिक्षणाची संधी देणे हे मातापित्यांचे व पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य मातापिता अथवा पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद केली. पुल्लिंगी ‘पालक’ शब्दाआड आई किती काळ झाकली गेली होती, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमावरून कळते. त्यात नैसर्गिक पालकांमध्ये पित्याचे स्थान प्रथम, आणि आईचे त्याच्या ‘नंतर’ होते. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ याचा अर्थ केवळ ‘मृत्यूनंतर’ असा नसून ‘पित्याच्या अभावी’ असाही होतो, असा निर्वाळा दिला. एका शब्दाच्या अर्थावर आईचा अधिकार अवलंबून होता.

हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. रात्रपाळी करून सकाळी परतलेला कामगार दुपारच्या पालकसभेस गेला नाही, तर ‘पालकांचे लक्ष नाही’ असा शेरा सहज मारला जातो. वस्तुतः त्याने रात्र जागून काढली ती त्या लेकरासाठीच. पण ‘पालक’ शब्दाच्या आजच्या अर्थात मजुरी मोडत नाही. गृहपाठ घेणे, माध्यम निवडणे, शिक्षकांशी बोलणे एवढेच मोडते. ही सारी कामे अवकाश आणि अक्षरओळख असलेल्या घरांची आहेत. अशा रीतीने एका वर्गाची सवय सर्वांचा आदर्श ठरते आणि इतरांची परिस्थिती हा त्यांचा दोष समजला जातो.

यातील विसंगती अशी की, शब्दाचा मूलार्थ अधिक उदार आहे. जो पालन करील तो पालक. आईबाप कामावर असताना नातवंडांना जेवू घालणारी आजी, धाकट्यास शाळेत पोचविणारी थोरली बहीण, ही या अर्थाने पालकच होत. कायद्यानेही मातापिता आणि बालकाचा सांभाळ करणारा पालक अशा दोन कल्पना वेगळ्या ठेवल्या आहेत. व्यवहाराने मात्र त्या एकाच शब्दात कोंबल्या, आणि मग दोन माणसांकडून साऱ्या घराच्या व साऱ्या गावाच्या कामाची अपेक्षा धरली. सातबारावरील त्रोटक शेरा या बाबतीत अधिक न्याय्य म्हटला पाहिजे : त्यात जबाबदारी कोणाची, कशाची आणि किती काळाची, हे तिन्ही निश्चित असते.