नळीच्या तोंडाची भानगड

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली आगगाडी शीवला थांबली ती पाण्यासाठी. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे हे सगळं इतिहासात आलं. इंजिनांची तहान कशामुळे, हे मात्र कोणी सांगत नाही. वापरलेली वाफ परत पाणी होत नसे. धुराड्याच्या बुडाशी लपलेल्या एका नळीच्या अरुंद तोंडातून ती वर उडवली जाई. जाताना ती धूर ओढून नेई आणि भट्टी फुलवी. चुलीपुढची फुंकणीच म्हणा, फक्त उलट्या बाजूने ओढणारी. गाडीची झुकझुक ती हीच.

तोंड बारीक केलं तर ओढ वाढते, पण वाफ कोंडून इंजिन दमतं. 1829 मध्ये रेनहिलच्या स्पर्धेत टिमोथी हॅकवर्थच्या ‘सान्स पारेल’ची ओढ इतकी जबर होती की न जळलेला कोकच धुराड्यातून उडायचा!

पुढे स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने वाफेच्या टर्बाइनसाठी नळी आधी अरुंद, मग रुंद केली. रुंद नळीत वेग घटायला हवा ना? पण ध्वनीचा वेग गाठलेली वाफ दाब उतरताना इतकी फुगते की जागा मिळाली तरच ती आणखी धावते. रॉकेटचं नॉझल आजही याच घाटाचं.

खरी गंमत आवाजाची. तोंडाशी अशा सुसाट झोताचा दाब बाहेरच्या हवेशी जुळला नाही, की झोतात आघाततरंगांचे हिऱ्यासारखे चौकडे पडतात. झोताच्या कडेचे भोवरे त्यांतून जाताना आवाज उठतो, तो बाहेरून उलटा नळीच्या काठाशी येतो आणि नवे भोवरे उठवतो. हा फेरा जमला की कर्कश शीळ. साउदॅम्प्टनच्या ॲलन पॉवेलने 1953 मध्ये हे कोडं उलगडलं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये काठाला दात पाडूनही बघितले गेले. फेरा बिघडतो, शीळ बसते.

तरीही अमेरिकेच्या जोडइंजिनी एफ-15 लढाऊ विमानाच्या नॉझलवरची बाहेरची पाती शिळेच्या हादऱ्यांनी तडकून गळू लागलीच. हवाई दलाने काय करावं? पातीच काढून टाकली! शेजारशेजारच्या दोन झोतांच्या शिळा एकमेकींना चेव आणतात, हे नासाच्या प्रयोगांत दिसलं ते नंतर.

प्रवासी विमानाचा झोत एवढा सुसाट नसतो, तरी आवाज कमी करायला दात तिथेही कामी आले. एअर इंडियाच्या बोइंग 787 मध्ये चढाल तेव्हा इंजिनाच्या मागच्या काठाकडे जरूर बघा.