मानवी हालचालींची प्रतले व अक्ष : मैदानी खेळांच्या संदर्भात

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांत कुस्ती, कबड्डी व खो-खो यांची परंपरा रुजलेली आहे. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर जिल्ह्याचेच. मात्र या खेळांतील हालचालींचे शास्त्रीय वर्णन करताना विद्यार्थी प्रतल व अक्ष यांची गल्लत करतात. प्रस्तुत लेखात हा भेद परिचित उदाहरणांद्वारे स्पष्ट केला आहे.

मूळ संकल्पना :
ताठ उभे शरीर, समोर नजर, बाजूला सरळ हात व पुढे वळलेले तळहात ही शरीरशास्त्रीय स्थिती होय. प्रतल म्हणजे हालचाल ज्या पातळीत घडते ती पातळी. अक्ष म्हणजे ज्या रेषेभोवती ती घडते ती रेषा. दोन्ही परस्परांशी काटकोनात असतात. दार जमिनीला समांतर फिरते, पण त्याची बिजागरी उभ्या रेषेत असते, तसेच हे आहे.

प्रकार :
1) सॅजिटल प्रतल : हे शरीराचे डावा व उजवा असे भाग करते. अक्ष डावीकडून उजवीकडे जातो. बैठक मारताना घोटा, गुडघा व खुबा यांचे आकुंचन-प्रसरण मुख्यतः याच प्रतलात होते. जोर काढताना शरीर जमिनीला समांतर असले तरी प्रतलाचे नाव बदलत नाही, कारण ते जमिनीवरून नव्हे, तर शरीरावरून ठरते.

2) फ्रंटल प्रतल : हे पुढचा व मागचा भाग वेगळे करते. अक्ष पुढून मागे जातो. कबड्डीत चढाईपटू बाजूला पाय फेकतो, तेव्हा पाय याच प्रतलात मध्यरेषेपासून दूर जातो.

3) ट्रान्सव्हर्स प्रतल : हे वरचा व खालचा भाग वेगळे करते. अक्ष उभा असतो. खो-खोतील सक्रिय आक्रमकाला धावण्याच्या दिशेपासून खांद्यांची रेषा 90 अंशांहून अधिक वळवता येत नाही. हा नियम याच प्रतलातील वळणावर मर्यादा घालतो.

उपयोजन :
प्रत्यक्ष खेळात हालचाली संमिश्र असतात. धोबीपछाड डावात मल्ल पुढे वाकतो व वळतोही. गुडघा प्रामुख्याने सॅजिटल प्रतलात हलणारा सांधा आहे. त्याची फिरण्याची क्षमता मर्यादित असते. पाऊल जमिनीत रुतलेले असताना धड एकाएकी वळल्यास हा पीळ गुडघ्यातील अस्थिबंधांवर येतो व ते फाटू शकतात. म्हणून दिशा बदलताना पाऊलही वळवण्याचा सराव आवश्यक ठरतो.

निष्कर्ष :
प्रतल व अक्ष हा केवळ परीक्षेपुरता पाठांतराचा विषय नाही. अध्यापकाने तो मैदानावर शिकविल्यास कौशल्याचे विश्लेषण अचूक होईल आणि खेळाडूच्या दुखापतीचा धोकाही कमी करता येईल.