आकस्मिक मृत्यू आणि कायदेशीर चौकशी

मृतावस्थेत आणलेल्या अथवा दाखल होताच दगावलेल्या व्यक्तीचे आप्त आम्हांस नेहमी विचारतात, "मृत्यू आजारानेच झाला, मग पोलीस कशासाठी?" देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्या माहितीसाठी त्याचा खुलासा येथे करीत आहोत.

मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यावयाचा असतो. कारण त्यांनाच उमगले नसेल, किंवा अपघात, विषबाधा, भाजणे असा प्रकार असेल, तर आम्ही पोलिसांना कळवतो व तेथे 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४) पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवून परिसरातील दोन वा अधिक प्रतिष्ठित नागरिकांसमक्ष पंचनामा करतात. मृत्यूचे सकृद्दर्शनी कारण नोंदवणे, एवढेच त्याचे प्रयोजन असते. दोषी कोण, हे त्यात ठरत नाही. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास शवविच्छेदन अनिवार्य असते. कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात.

शवविच्छेदनानेही उलगडा न झाल्यास व्हिसेरा, म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांचे भाग, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवाल येईपर्यंत डॉक्टर अंतिम मत राखून ठेवतात. या शेऱ्याने कुटुंबीयांनी धास्तावून जाऊ नये. तो त्यांच्यावरील ठपका नव्हे.

एकाच वेळी अनेक जीव गेल्यास शासन स्वतंत्र समिती नेमते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीस गळती लागून अनेक रुग्ण दगावले, तेव्हा विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमण्यात आली होती. मृत्यू प्राणवायूअभावी झाले, हे उघड होते. गळती का झाली, हे शोधल्याविना पुढचे जीव वाचत नाहीत.

दुःखाच्या घडीस पार्थिव ताब्यात मिळण्यास होणारा विलंब किती जिव्हारी लागतो, याची आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तथापि, घाईने लिहिलेले चुकीचे कारण विम्याच्या दाव्यात, वारसांच्या हक्कांत आणि प्रसंगी न्यायालयात कुटुंबासच नडते. म्हणून आप्तांस नम्र विनंती, की जुने औषधोपचाराचे कागद सोबत आणावेत, घडले ते जसेच्या तसे सांगावे आणि पंचनामा व शवविच्छेदन अहवालाच्या प्रती मागून घेऊन जपून ठेवाव्यात.