अंगावरून पांढरे जाणे : लाज नको, तपासणी हवी

वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, गाव कोणतेही असो, ही तक्रार घरात मोठ्याने सांगितली जात नाही. खाज सुटते, लघवीला जळजळ होते, दह्याच्या चोथ्यासारखे घट्ट पांढरे जाते, आणि बाई महिनोन्‌महिने गप्प राहते. सासूला सांगावे तर लाज, शौहरला सांगावे तर संशयाची भीती. म्हणून आधी संशयाचेच बोलू. हा त्रास बदचलनीचा पुरावा नाही. कॅन्डिडा नावाची बुरशी निरोगी स्त्रीच्या योनिमार्गातही थोडीफार असतेच. ती वाढली की त्रास होतो, आणि तो लग्न न झालेल्या मुलीलाही होऊ शकतो.

चारपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. विदर्भातले उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. बुरशीचा संसर्ग हा त्या अनेक आजारांपैकी एक.

बुरशी वाढते कशाने? योनिमार्गात उपकारक जंतू असतात, ते तिथे आम्लता टिकवून बुरशीला आवर घालतात. तापासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून खाल्ले की हे जंतूही मरतात. गरोदरपण, स्टेरॉइडची औषधे, कमी झालेली प्रतिकारशक्ती हीही कारणे आहेत. सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे आटोक्यात नसलेली शुगर. वर्षातून तीन-चारदा त्रास उलटत असेल तर मलम बदलत बसण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या. शुगरच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही हा संसर्ग वाढतो. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

पाकीच्या काळजीने काही भगिनी आतून साबण किंवा जंतुनाशक वापरतात. त्याने उलट नुकसान होते. इस्तिंजासाठी बाहेरून साधे पाणी पुरते. सोयाबीनच्या सोंगणीत घामाने भिजलेले कपडे घरी येताच बदलावेत. आतले कपडे सुती असावेत आणि लाजेने दुसऱ्या कपड्याखाली न लपवता उन्हात वाळवावेत. हे हैज नव्हे, त्यामुळे नमाज माफ होत नाही. सतत जात असेल तर वुजूचा मसला आलिमांना विचारावा.

प्रत्येक पांढरे जाणे बुरशीचे नसते. माशासारखा वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे किंवा ताप असेल तर कारण वेगळे असते आणि औषधही वेगळे. दुकानातले स्टेरॉइड मिसळलेले खाजेचे मलम तर मुळीच लावू नये. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये अशा तक्रारींवर मोफत औषध मिळते. बुरशीचा उपचार साधा असतो : योनीत ठेवायची गोळी किंवा तोंडाने घ्यायचा एक डोस. गरोदर स्त्रीने तोंडाची गोळी घेऊ नये, दिवस राहिल्याचे आधीच सांगावे. रमजानात योनीतली गोळी इशानंतर झोपताना ठेवली की रोज्याचा प्रश्नच येत नाही.